चौदा कॉम्प्युटर आणि माझं बें बें

गुरुवार, १७ ऑक्टोबर
शाळेत कोडिंगचा पहिला तास घेतला. चाळीस वर्षं लोकरीची प्रत लावली, आता डोक्यांची लावणार. पद्धत अशी, की मुलांनी तयार गेम घ्यायचा, उघडून बघायचा, थोडा बदलून आपला करायचा. तयार गेम अर्थात माझा, ‘मेंढ्या हाका’. त्यातलं बें बें माझ्याच आवाजात आहे.
पेट डेला मुलं पाळलेली कोकरं घेऊन येतील, तेव्हाच हॉलमध्ये चौदा गेम मांडायचे. ते बघून मुख्याध्यापिका मिस फेरियर ठरवतील, पुढच्या वर्षी वर्ग माझ्याकडे राहणार का. राहणारच.

गुरुवार, २४ ऑक्टोबर
एकाने मेंढीच्या जागी ट्रॅक्टर टाकला. एकीने पेंग्विन. डोकंच फिरलं. निश्चय: यापुढे माझा गेम जसाच्या तसा वापरायचा, हात लावायचा नाही.
दहा वर्षांची अनाहेरा म्हणाली, यात ओरडणं थांबवायची सूचनाच नाही, मी घालते. मी समजावलं, खरी मेंढी तरी सांगून थांबते का? गप्प बसली. पटलं असावं.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर
चौदा गेम, तंतोतंत एकसारखे. अशी शिस्त आमच्या अख्ख्या साउथलंड प्रांतात नसेल. दोघं झोपले होते. एकाग्रता.
अनाहेराचं पुन्हा तेच टुमणं. दुर्लक्ष केलं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर, पेट डे
सकाळी १०.०५. चौदा कॉम्प्युटर एकदम सुरू. सगळ्यांतून माझाच आवाज. भरून आलं.
१०.०७. बाहेरच्या कोकरांनाही. तेवीसच्या तेवीस आत.
१०.१५. केकचं टेबल आडवं. कोकरांना नंबर द्यायला आलेले परीक्षक खुर्चीवर उभे. बें बें थांबेना. थांबवायला मी धावलो, तर कोकरं माझ्याच मागे. एकाने शर्टाचं टोक चोखायला घेतलं.
१०.२०. अनाहेराने आपल्या गेममध्ये ओरडणं थांबवायच्या सूचनेचा एक ब्लॉक घातला. बाकी तेरा जणांनी तोच उचलून आपापल्यात टाकला. शांतता. मिस फेरियरनी विचारलं, हे कसं जमलं? “सरांचंच घेतलं मिस, मोडलेलं तेवढं नीट केलं.”
गुणी पोर. श्रेय मलाच दिलं.

सोमवार, ११ नोव्हेंबर
मिस फेरियरनी बोलावलं. सत्कार असेल म्हणून कोट घातला.
वर्ग पुढच्या वर्षीही चालणार. अनाहेरा शिकवणार, मोठ्या वर्गाच्या बाई देखरेखीला नुसत्या बसणार. मी विचारलं, आणि मी?
“तुमच्यातलंही सगळंच टाकून द्यायचं नाहीये, क्लाइड. कोकरं तुमच्यामागे छान येतात. पुढच्या पेट डेला त्यांना हॉलपासून लांब न्यायचं.”
वाईट वाटलं. फार वाटलं. तरी हो म्हणालो. रेकॉर्डिंग लावलं तर चालेल का, एवढंच विचारलं.
“नको. तुम्हीच ओरडा. तुम्हाला थांबवता येतं.”