आत्यासाठी बंब

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ६ वाजून ४० मिनिटे.
न्हाणीघरात उलट्या बादलीवर बसून गीझरच्या खालची जागा मेजपट्टीने मोजली. साडेएकोणीस इंच. बंब आरामात मावतो. ('बाथरूम' हा शब्द घरात आजपासून बंद. वहिनीला दारातूनच तसे सांगितले. ती म्हणाली, भाऊजी, काय हवं ते म्हणा, पण आधी बाहेर या, माझी बस जाईल.)

कारण नोंदवून ठेवतो. रविवारी आत्या येणार. बाबांची मोठी बहीण, वय एक्याऐंशी. गुडघ्यांमुळे तिला तिचे तीन जिन्यांचे घर सोडावे लागले. सध्या चुलतभावाकडे आठ दिवस राहते आहे, नंतर आमच्याकडे आठ दिवस. मग कायमचे कुठे राहायचे ते ती ठरवणार. चुलतभावाला आम्ही साहेब म्हणतो, कारण तो घरच्यांचा फोनही 'बोला' म्हणून उचलतो. त्याच्याकडे लिफ्ट आहे. सगळे बटणावर चालते. आत्याचे दिवस तिथे कसे जात असतील, कल्पना करवत नाही.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला आत्याने वाढवले. नववीत शाळा सुटली, तरी माझ्या लिहिण्यात चूक सापडत नाही ती तिच्यामुळे. चुकलेला शब्द ती वीसदा लिहायला लावी आणि पाठ फिरवून बसलेली असली तरी एकोणिसावर थांबलेले तिला कळे. तिने आता इथेच राहावे. मला दुसरे काही नको.

काल फोनवर ती तिच्या घरच्या जुन्या बंबाविषयी बोलली. बावीस मिनिटे. घड्याळ लावून मोजली. माणूस ज्या वस्तूविषयी बावीस मिनिटे बोलतो, ती त्याला हवी असते. साधे गणित आहे.

संकल्प: १. बंब आणणे. २. आत्याच्या तोंडचे जुने घरगुती शब्द वहीत उतरवणे. दोनशे पानी वही आणली. पुरेल का, शंका आहे. ३. टेन्शन न घेणे.

बुधवार, ५ नोव्हेंबर. दुपारी २.१०.
मी पार्सल ऑफिसात लेबलांवरचे पत्ते तपासतो. जेवणाच्या सुट्टीत तांबटाकडे गेलो. त्याने माळ्यावरून बंब काढला. तांब्याचा, मधे धुराची नळी, भोवती पाणी, खाली जाळी, बाजूला पितळी तोटी. पाहूनच ऊब आली.

तांबटाने विचारले, यात झाड लावणार की हॉलमध्ये शो म्हणून ठेवणार? मी म्हणालो, पाणी तापवणार. त्याने आतून भावाला हाक मारून बाहेर बोलावले आणि मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगितले. कौतुकाने, असे वाटते. तळाला भोक आहे, ते झाळून देईल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.
बंबाचे धुराडे नेमके गीझरला टेकते. म्हणून गीझर काढला. प्लंबरने विचारले, बिघडलाय का? नाही. गळतो का? नाही. मग तो थोडा वेळ स्टुलावरच बसून राहिला. शेवटी बिलावर 'ग्राहकाच्या हट्टावरून' असे लिहून माझी सही घेतली. ('हट्ट' शब्दात त्याने एकच ट घातला होता. मी दुरुस्त करून मगच सही केली.)

गीझर घरात राहिला तर मोह होईल, म्हणून प्लंबरलाच विकून टाकला. असे निर्णय चटकन घ्यावे लागतात. बाबांनी विचारले, बंब येईपर्यंत अंघोळीचं काय? मी म्हणालो, दोनच दिवसांचा प्रश्न आहे. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून परत खुंटीवर टाकला. (पूर्वीचे नाव: हुक.)

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळी ११.
बंब आला. दोन जिने मी आणि हमाल. हमालानेही विचारले, झाड कुठलं लावणार?

ट्रायल घेतली. लाकडाच्या ढलप्या जरा ओल्या निघाल्या. पन्नास मिनिटे फुंकले. धूर धुराड्यातून जायला हवा होता, तो आधी घर बघून आला. वहिनी म्हणाली, भाऊजी, हा बंब विझवायला दुसरा बंब बोलावू का? वरच्या मजल्यावरच्या बाईंची दोरीवरची पांढरी चादर आता पांढरी नाही. वारा उलटा होता, यात माझा दोष नाही.

पाणी कोमट झाले. 'कोमट' हा शब्द जुना आणि गोड आहे. वहीत पहिला शब्द म्हणून घातला.

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपारी ४.
आत्या आली. बंब चादरीखाली झाकून ठेवला होता. चादर ओढली. ती बराच वेळ बघत राहिली. तोटीला बोट लावले. एक शब्द बोलली नाही. भारावली.

नंतर तिने हळूच बाबांना विचारले की गीझर कुठे गेला. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवले. श्रेय दिले, बरे वाटले.

चहानंतर शब्दांची पहिली बैठक. विचारले, भांडी ठेवायची ती लाकडी जागा, तिला तुम्ही काय म्हणायचा? म्हणाली, रॅक. मी म्हणालो, फडताळ म्हणायचा ना? म्हणाली, माहितीये तर विचारतोस कशाला. विचारले, चूल फुंकायची ती नळी? म्हणाली, आमच्याकडे आता गॅस आहे. आठवणी दाटून आल्यावर माणूस असाच तुटक बोलतो. जोर केला नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ७.
साडेपाचला उठून बंब पेटवला. पावणेसातला कोमट. आत्या म्हणाली, आज राहू दे रे, अंग जड वाटतंय. प्रवासाचा शीण. ते पाणी माझ्यापर्यंत येईतो गार झाले. गार पाण्याने चित्त एकाग्र होते.

बुधवार, १२ नोव्हेंबर. सकाळी ८.
आत्या किती मनमिळाऊ आहे. वरच्या बाईंशी दोन दिवसांत गट्टी जमली. रोज सकाळी त्यांना भेटायला जाते. पाऊण तास बसते आणि परत येते ती अशी ताजीतवानी की बघत राहावे. केसही ओले असतात. वर हवा दमट असावी. जाताना पिशवी नेते. पिशवीत काय, विचारले नाही, उगाच चौकशा करू नयेत.

आज बाबाही गेले. पंधरा वर्षे ज्या शेजाऱ्यांशी फक्त पाण्याच्या टाकीवरून बोलणे, तिथे आता येणेजाणे सुरू झाले. एका बंबाने माणसे जोडली. साहेबाच्या लिफ्टला हे जमले असते का?

वहीतले शब्द: तीन. त्यातले दोन मीच सुचवले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. दुपारी १.३०.
मॅनेजर जवळून गेला, थांबला, हुंगले, आणि घरी काही जळलं का असे काळजीने विचारले. मी म्हणालो, रोज जळतं. त्याने मला पंधरा मिनिटे बसवून पाणी दिले.

पाच दिवस साडेपाचला उठतो आहे. आज एका लेबलावर पत्त्याच्या जागी 'धुराडे' लिहिले. सात वर्षांत पहिली चूक. पार्सल निघायच्या आत पकडली. सर्दी आहे. सर्दीचा बंबाशी संबंध नाही, ऋतूच तसा आहे.

काल संध्याकाळी घरी गेलो तर आत्या आणि वहिनी वहिनीच्या मोबाइलवर वॉशिंग मशीनची जाहिरात बघत होत्या. आत्या म्हणत होती, आणि वाळवतंसुद्धा? परत लाव. रविवारी ती निकाल देणार. मला शंका नाही. शंभर टक्के आपणच.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळी ९. ऑफिसला गेलो नाही.
आज मला जाग आली नाही. सहाला दचकून उठलो, न्हाणीघराकडे धावलो. बंबापुढे आत्या बसली होती. पाटावर, एक गुडघा सरळ करून. बंब पेटलेला. धूर नावाला नाही. पाणी आतून गुणगुणत होते. विचारले, किती वेळ लागला? म्हणाली, सात-आठ मिनिटं, आधी बारीक ढलपी घालायची, तू मोठीच कोंबतोस.

मला इतका आनंद झाला की दार धरून उभा राहिलो. म्हणालो, बघ आत्या, हात विसरले नाहीत.

ती जाळीतली राख सारत म्हणाली, "हात नाही विसरत रे. त्यांना विसरता यावं म्हणून तर मी घर बदलतेय."

मग ती म्हणाली, "एकोणिसाव्या वर्षापासून घरात सगळ्यांच्या आधी उठले ती ह्याच्यासाठी. सात माणसांचं पाणी काढायचं, आणि माझी पाळी येईतो विस्तव गेलेला. गार पाणी. तेच तर सांगत होते तुला फोनवर, एवढा वेळ."

फोनवर मी मिनिटे मोजत होतो. मधला थोडा भाग सुटला असावा.

विचारले, मग आज का पेटवलास? म्हणाली, "तुझ्यासाठी. आठवडाभर गार पाणी घेऊन शिंकतोयस. जा, आधी अंघोळ कर, मग बोलू."

गेलो. पाणी कडकडीत होते. असे पाणी मी आयुष्यात घेतले नव्हते. पहिली बादली संपली, दुसरी भरली. गाणेसुद्धा म्हटले. तोटीतून थेंब यायचा थांबला तेव्हा बाहेर आलो. आत्या खांद्यावर टॉवेल टाकून दाराशी उभी होती.

आम्ही दोघांनी बंबाकडे बघितले.

ती म्हणाली, असू दे, वर जाऊन येते.

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपारी ३.
साहेब गाडी घेऊन आला. आत्याने रागावून निर्णय घेतलेला नाही, तसे तिने दोनदा सांगितले. तुझ्याइतका जीव लावणारा साहेब नाही, असेही म्हणाली. फक्त त्याच्याकडे नळ फिरवला की गरम पाणी येते. जिना उतरताना माझा हात धरून होती. खाली पोचल्यावर म्हणाली, गीझर बसव, मग महिनाभर येऊन राहते. साहेबाने घड्याळ बघितले आणि 'बोला' म्हणाला.

महिनाभर म्हणजे तीस दिवस. त्याच्याकडची लिफ्ट वरचेवर बंद पडते असे ऐकले आहे. हे मी केवळ नोंद म्हणून लिहितो.

हिशेब.
खर्च: बंब ४,२००. तळ झाळून ३५०. धुराडे ६००. गीझर काढणावळ ३००. ढलप्या, चार पोती, ४८०. वही ६०. एकूण ५,९९०.
जमा: गीझर विकून ९००. बंब तांबटाला परत १,५०० (एका हॉटेलात जातो आहे, झाडासाठी). एकूण २,४००.
देणे: वहिनी, उसने, ३,०००. वरच्या बाई, चादर, २५०. नवा गीझर, मंगळवारी बसेल, हप्ते बारा, दरमहा ७५०.
आत्या: गरम पाणी, दोन बादल्या. शनिवारच्या. त्याआधीच्या मोजलेल्या नाहीत.