पान ४१ वरचा लाल शेरा

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
नगर नियोजन कार्यालय,
ब्रॅंटली, ओहायो.

विषय : माझा लाल शेरा रद्द करून विद्यार्थिनीचे मूळ उत्तर ग्राह्य धरण्याबाबत.
संदर्भ : हिकरी गल्ली घरपाहणी, एप्रिल १९५७, पान ४१.

महोदय,

अर्ज वाचण्यापूर्वी आपण दहा वर्षांचे आहात अशी क्षणभर कल्पना करावी. हातात पेन्सिल आहे, आणि बाईंनी आपल्याच गल्लीतली घरे तपासायला पाठवले आहे. त्या बाई म्हणजे मी.

१. आपल्या कार्यालयाने आमच्या काळ्या मुलांच्या शाळेला पाहणीचे छापील तक्ते दिले होते. गणिताचा चांगला धडा होईल म्हणून मी पाचवीच्या वर्गाला तडे, गळती, फुटक्या काचा मोजायला लावल्या. काही लपवायचे नाही, असे बजावले. नदीपलीकडच्या गोऱ्या वस्तीत तक्ते का गेले नाहीत, हे मात्र मी विचारले नाही.

२. आर्डेला टिब्सने आजीच्या घराची एक काच फुटकी नोंदवून शेवटच्या रकान्यात 'चांगले' लिहिले. मी ते लाल पेन्सिलीने खोडून 'वाईट' केले. ती म्हणाली, "बाई, काच फुटलीय, घर नाही." मी म्हटले, "तक्त्याखालचा नियम वाचलास का? एक जरी दोष असला तरी घर 'वाईट'. बस खाली." वर्ग हसला.

३. पुढे घरे 'वाईट' ठरवून गल्लीवरून महामार्ग आखला गेला. वस्ती बचाव समितीने चर्चच्या तळघरात सभा घेतल्या, दारोदार फिरून सह्या जमवल्या. सुनावणीत आपले तेव्हाचे अधिकारी पान ४१ उंच धरून म्हणाले, "तुमचीच पोरं सांगतायत. शिवाय तुमच्या बाईंनी तपासलंय." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उठायला हवे होते. मी हातमोजे नीट करीत बसले.

४. गेल्या महिन्यात विद्यापीठातील एका संशोधक मुलीने त्या पानाची झेरॉक्स आणून विचारले, "हे लाल अक्षर कुणाचं?" मी खणातून लाल पेन्सिल काढून तिच्यापुढे ठेवली. आता गल्ली नाही, आर्डेलाच्या आजीही नाहीत; दुरुस्तीचा उपयोग काय, असे आपण कळवाल. मान्य आहे. पण चूक कळली की खोडून बरोबर लिहावे, हे मी एकतीस वर्षे शिकवले. कार्यालयात लाल पेन्सिल नसल्यास सोबत पाठवली आहे.

५. मी तिचे उत्तर खोडले त्या दिवशी शाळा सुटल्यावर आर्डेलाने माझ्याकडून एक कोरा तक्ता मागून घेतला. माझे घर त्याच गल्लीच्या टोकाला होते. तिने तिथे जाऊन सारे खरे मोजले : फुटक्या काचा दोन, गळती एक, पायरीला तडा. मग शेवटच्या रकान्यात 'चांगले' लिहून तिने तो तक्ता माझ्या दाराखालून आत सरकवला.

चूक कबूल असलेली,
व्हर्नेल सॅटरव्हाइट
(निवृत्त शिक्षिका)
१४ मार्च १९८९

सोबत : १) लाल पेन्सिल. २) आर्डेलाचा तक्ता, पाहून परत करावा.