हेडसरांचा पांढरा रुमाल

गुरुवार, १६ जानेवारी

तो पांढरा रुमाल काही डोळ्यांपुढून हलत नाही.

महिनाभर मी सातवीच्या पोरांना आजचे चित्रकार दाखवतेय. माती, गंज, राख, हाताला येईल त्यानं चित्र करणारे. पोरं आधी हसली, मग कामाला लागली. सारिकानं काय करावं? रात्री पत्र्यावर कागद ठेवला, त्यावर आईचा ऊसतोडीचा कोयता. साखर कारखान्याची काजळी रात्रभर पडत राहिली. सकाळी कोयता उचलला, तर काळ्या कागदावर पांढराशुभ्र कोयता. ताटात धरून, श्वास रोखून शाळेत आणला तिनं.

आज प्रदर्शन. तपासणीचे साहेब यायच्या आधी हेडसर चित्रं बघत फिरायला निघाले. “अगं, कागद किती मळलाय!” म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून पुसून टाकला. तेही किती मायेनं! वर मला, “बाई, हिला नवा कागद द्या. चांगला देखावा काढू द्या. डोंगर, सूर्य, नारळाचं झाड.”

नारळ! इथं?

“सर, ते चित्रच हुतं,” सारिका म्हणाली. ऐकतोय कोण? त्यांना भाषण पाठ करायचं होतं. मग ठोकलंच साहेबांपुढं: मुलांना मुक्तपणे व्यक्त होऊ द्या! बिनडोक माणूस. दिवसभर रुमाल खराब झाल्याचीच रड.

पोरगी रडली नाही. निमूट दोन डोंगर काढले.

आणि मी? नवा कागद मीच दिला. नारळाला हिरवा रंग कमी पडला, तोही मीच आणून दिला.