जाड तारांचा घुमारा

चिरंजीव विसरभोळ्या,

लहानपणी तू डबा विसरायचास. आता डोक्याला टाके कशाने पडले तेही विसरलास. जिन्यावरून घसरलो, असं लोकांना सांगतोस म्हणे. मग आठवण करून देते. सांगतेय मी, तुझी आई; लिहितेय तुझीच लेक, उजव्या हाताने. तिचा डावा प्लास्टरमध्ये आहे.

पोरगी दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी असते आणि शनिवारी पबमध्ये दुसऱ्यांची गाणी वाजवते. यात तुझं काय बिघडलं? भर गाण्यात स्टेजवर चढलास. "दारुड्यांची करमणूक करतेस?" असं ओरडलास म्हणे, आणि तिला केस धरून आपटलंस. तिने बास गिटार सोडली नाही, म्हणून बुटाने तिची बोटं चिरडलीस. ती किंचाळलेली मला कळलं नाही, मी ठार बहिरी. पण दर शनिवारी मी स्टेजला लागून बसायचे, आणि तिच्या जाड तारांचा घुमारा खुर्चीतून माझ्या हाडांत शिरायचा. मला ऐकू येणारं तेवढंच उरलं होतं. ते थांबलं, तेव्हा मी काठी उचलली. ड्रमवाल्याने मला आवरलं, नाहीतर आज तुला पत्र लिहायची गरजच उरली नसती.

नात मान हलवतेय, हे पोस्टात टाकणार नाही म्हणून. नको टाकूस बये, पण लिही.

डॉक्टर म्हणतात, बोटांत जोर आला तरच ती वाजवेल. तेव्हा अक्रोड पाठव, कवचासकट. डाव्या मुठीत ती पहिला फोडेल, त्या दिवशी उंबरा ओलांड. आणि सोललेले पाठवून चलाखी करू नकोस. काठी अजून शाबूत आहे.

तुझी जन्मदाती