सुतकात काढलेली चूक

कारापूर, बुधवार

ती. जयराममामा यांस,

(वर 'श्री' घातलेला नाही, नमस्कारही करता येत नाही. सूतक आहे, दोन्ही बाराव्यानंतर पोचतील.) तुमचा गुडघा कसा आहे? हरमलच्या खोल्यांत पर्यटक आहेत ना? आई जेवते, पण थोडे. मी बरा आहे. खरे तर सुतकातल्या माणसाने जेवढे बरे असू नये तेवढा बरा आहे, म्हणून हे पत्र. (फोनवर बोललो असतो, पण सुमंगला आतेला भिंतीपलीकडचेही ऐकू येते.)

तुम्ही दरवेळी विचारता की मी घरी बसून नेमके काय करतो, आणि मी 'कोड तपासतो' म्हणून गप्प होतो. आज सांगतोच. कर्नल म्हणजे संगणकाचा आतला सगळा कारभार बघणारा प्रोग्रॅम. त्यात कोणी बदल सुचवला की जगभरचे काही जण तो वाचतात, चुका काढतात, मगच तो आत जातो. सध्याचा बदल मेमरीकडे होणारी वाहतूक मोजण्याचा आहे. प्रोसेसरमध्ये त्यासाठी काउंटर असतात, पण कामांचे गट जास्त आणि काउंटर कमी. (नळ शंभर आणि मीटर बत्तीस असे समजा.) जुन्या मोडमध्ये हार्डवेअर आपल्या मर्जीने मीटर या घरातून त्या घरात हलवते आणि मधूनच 'आकडा उपलब्ध नाही' म्हणून मोकळे होते. नव्या मोडमध्ये मीटर कोणाला द्यायचा ते आपण ठरवतो, आणि आपण काढेपर्यंत तो तिथेच राहतो. मला हे फारच आवडले. सुतकाचा चौथा, पाचवा आणि सहावा दिवस मी चटईवर बसून तेच वाचत होतो. भेटायला येणारे माझी खाली घातलेली मान बघून हळहळायचे. एकाने तर आईला सांगितले, की हल्ली गरुडपुराण लॅपटॉपवर मिळते हे बरे झाले.

बाबा डिचोलीत तीस वर्षे पाण्याचे मीटर वाचत फिरले. मीटर बदलायचा असला की ते आधी वहीतला मागचा आकडा खोडून शून्य लिहीत, मगच पान्याला हात लावत. सोमवारी दुपारी एका ओळीवर माझी नजर अडकली. मोड बदलताना काउंटर काढून घेतले जात होते, पण मागचा साठवलेला आकडा कोणी पुसतच नव्हते. म्हणजे नव्या गटाचे पहिलेच वाचन चुकणार. माझ्याआधी चार जणांनी हे वाचून 'ठीक' म्हटले होते. मी तीनदा तपासले. मग उठून उभा राहिलो आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली.

भरल्या ताटावर मी हे सगळे बोलून गेलो, तेवढे चुकले. शुक्रवारी तो बदल स्वीकारला जाणार, त्याआधी माझ्या नावानिशी उत्तर जायला हवे, असे म्हणालो. आते म्हणाली, "बापूस जावन सा दिवस झाले नाय, आनी ह्यो खंय खंय नाव घालता." बाराव्यापर्यंत नव्या कामावर नाव घालायचे नाही, अग्नी दिलेल्याने तर नाहीच. मी म्हटले, "आते, चूक तशीच आत जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे. तुझो बापूस गेलो, तेका कोणी थांबवलो?" लॅपटॉप सध्या तांदळाच्या डब्यावर आहे आणि त्यावर आतेची पिशवी आहे.

मामीला सांगा, आईची काळजी करू नये.

तुमचा,
गौरेश

ता.क. तुम्हाला सूतक नाही आणि आते तुमचे ऐकते. पत्र मिळताच या आणि तिला पटवा, की हे नवे काम नव्हे, दुसऱ्याच्या कामातली चूक काढणे आहे, आणि ते सुतकात चालते. (ती स्वतः सकाळपासून तेच करते, हे मात्र बोलू नका.)

ता.क. २. परवानगी सोमवारपासूनची घ्या. उत्तर मी त्याच संध्याकाळी गोठ्यामागे उभा राहून मोबाइलवरून पाठवले. काल त्या माणसाने चूक मान्य केली, आभार मानले. चूक कोणी दाखवली ते नाव आता कर्नलमध्ये कायमचे राहील.

ता.क. ३. हे आतेला कळणारच, तिची नात सेजल इंटरनेटवर सगळे शोधते. तेव्हा तुम्ही शेजारी बसा आणि ते नाव तिला सावकाश वाचून दाखवा. मी एरवी फक्त गौरेश गावस लिहितो. या वेळी मध्ये सदाशिव आहे.