सूर्यदेवाच्या पायातली बेडी

अमावास्या

पोचलो एकदाचे सोरला! बेटावर उतरताच माझ्या अरिशतने नाकाला पदर लावला. गोगलगायी कुजवून जांभळा रंग काढतात इथे, त्याची घाण. रंगाच्या कढया घडवणारा म्हातारा बोदो आता माझा उस्ताद. तो तिला म्हणाला, सूनबाई, नाक मेलं की समज तू सोरची झालीस. मग भाजलेला मासा नि अंजिरं पुढे केली. बायको सातव्या महिन्यात, हाताला काम, डोक्यावर छप्पर. आणखी काय हवं माणसाला!

चतुर्थी

मॅसिडोनियाचं सैन्य समोरच्या किनाऱ्यावरून समुद्रात दगडांचा बांध घालत बेटाकडे निघालंय. इथे सगळे खो खो हसतात. बोदो तटावरून ओरडला, जाता जाता आभाळालाही ठिगळ लावा रे!

अष्टमी

बाजारात एकजण बोलून गेला, की स्वप्नात सूर्यदेव शहर सोडून निघालेला दिसला. लोकांनी त्याला तिथेच दगडांनी ठेचला. त्याचे दात मासळीच्या टोपल्यांत पडले. तेच स्वप्न मलाही पडलं होतं. मी तडक घरचा रस्ता धरला.

दुपारी पुजारी मत्तनने आम्हाला देवळात बोलावलं. सूर्यदेवाची मूर्ती परदेशातून आणलेली, तिचा काय भरवसा! तिच्या घोट्याला सोन्याची साखळी घातली नि मेल्कार्तच्या, म्हणजे गावच्या देवाच्या, वेदीला जखडली. बोदो म्हणाला, झाला हा घरजावई, आता जातो कुठे!

पौर्णिमा

साखळी तुटलेली. देव चौथऱ्याच्या एक पाऊल पुढे. सोनं मऊ असतं, लोखंड घाला, असं मीच बोलून बसलो. लोखंडाची कडीही आमच्या डोळ्यांदेखत फाकली. मत्तन म्हणाला, धातूत रक्त नाही, म्हणून देवाला दया येत नाही. मध्ये माणूस घाला.

बोदोला धरलं. मनगट देवाच्या साखळीला, कंबर वेदीला. मी बोंबललो, तर मला भिंतीशी दाबून धरलं. देवाने दगडाचा पाय उचलला. बोदो— त्याचा हात अजून त्या साखळीत लोंबतोय.

तृतीया

तो बांध बेटाला येऊन भिडला, तटाला भगदाड पडलंय. बायकापोरांच्या बोटी उद्या कार्थेजला निघणार. अरिशत परकी, तिला जागा नाही. मत्तन म्हणाला, पण साखळीतली कडी होईल त्याच्या बायकोला मिळेल.

मी हात पुढे केला.

चतुर्थी

डावं मनगट साखळीत मीच ठोकून घेतलं. साखळी ताणली तर दुरुस्त करायला करवत नि हातोडा जवळ ठेवलाय. दारातून बंदर दिसतं. ती चढली बोटीत. देव ओढतोय. खांदा निखळला—

शत्रूची गलबतं आडवी आली. पहिली बोट फोडली. बायका पाण्यात, वरून भाले— तिची बोट मागेच आहे.

देवाचं तोंड बंदराकडे. जायचंय ना तुला? मग तिला घेऊन जा. शहर बुडालं तर बुडू दे मेलं!

लोखंड कापायला दिवस जाईल. मनगटाला तेवढा लागणार नाही.

करवत— हाड लागलं—

हलला. देव हल—

अरिशत, त्याच्या मागे राहा, वळून बघू नको, मी इथे—