दोन खारींचा डाव

रविवार, संध्याकाळ

आज मुक्ताला हरवलं. माझ्याच लेकीला, तिच्याच त्या प्राण्यांच्या कार्डांच्या खेळात, पहिल्यांदाच. उद्या ती पुण्याला हॉस्टेलवर परत जाणार. त्याआधी एकदा तरी जिंकायचं होतं.

खारीच्या कार्डावर लिहिलंय, शेजारी आपला दुसरा प्राणी असेपर्यंत खारीवर हल्ला करता येत नाही. माझ्याकडं दोन खारी आल्या. दोघींना शेजारी ठेवलं. तिचा वाघ नुसता बसून राहिला आणि माझ्या खारींनी कुरतडत कुरतडत डाव मारला.

"असं कसं आई? दोघी एकमेकींच्या मागं कशा लपतील?"

"लिहिलंय की तसं."

तिनं मोबाईलवर नियम शोधला, तो तसाच निघाला. हे चहा पिता पिता म्हणाले, "शेंगाचटणी कुणी संपवली विचारलं की तुम्ही दोघी हेच करता."

बॅग भरताना तिनं एक खार स्वतःजवळ ठेवली, एक मला दिली. पण एकटी खार वाघाच्या तावडीत सापडणारच ना? तसं म्हटलं, तर म्हणाली, "फोनवर खेळताना दोघी शेजारीच आहेत असं धरायचं."

हा नियम कुठंच लिहिलेला नाही. मी वाद घातला नाही.